बाळंतिणीच्या खोलीपासून हुरड्याच्या शेतापर्यंत : घरच्या माणसांचे फोटो

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. कोणता घेऊ, लेन्स कोणती, मोबाइलवर चालेल का? मी त्यांना आधी समोरच्या घराचं वेळापत्रक विचारून यायला सांगते. बाळ कधी पितं, कधी झोपतं? आजीला जिना चढवतो का? वडील पाळीवरून किती वाजता येतात? घरच्या माणसांचा फोटो त्यांच्या वेळेनं निघतो, आपल्या वेळेनं नाही. सोलापुरात घरोघरी जाऊन डोहाळजेवणं, बाळं, बारशी आणि सहली टिपताना मला हे सगळ्यात उशिरा कळलं. तुम्हाला ते पहिल्या दिवशी कळावं, म्हणून हा लेख.

पहिली पायरी : आपल्या गावचं ऊन ओळखा

सोलापुरात सूर्य मुंबईपेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधी उगवतो आणि उगवला की थांबत नाही. मे महिन्यात सहाच्या आधी फटफटतं आणि आठ-साडेआठला ऊन चेहऱ्यावर बोचायला लागतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. त्या वेळी अंगणात माणूस उभा करून बघा. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. कितीही महाग कॅमेरा असला तरी हा चेहरा त्याला सुधारता येत नाही. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य पन्नास अंशांच्या खालीच असतो, म्हणून थंडीत अकरा वाजताही बाहेर काम होतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, बाकी वेळ घरात. माझा हा नियम मी कुणासाठी मोडत नाही, कारण त्या उन्हात गरोदर बाई आणि म्हातारं माणूस दोघंही थकतात.

घरातला उत्तम उजेड बहुतेक वेळा उंबरठ्यावर असतो. दार सताड उघडा, माणसाला आत दोन पावलांवर, बाहेर तोंड करून बसवा. तुम्ही उंबरठ्याच्या एका बाजूला राहा, उजेड अडवू नका. डोळ्यात दाराचा पांढरा ठिपका चमकला की समजा जागा बरोबर आहे. तो ठिपका नसला तर डोळे मेलेले दिसतात. जुन्या माळवदाच्या घरात छताच्या झरोक्यातून उजेडाचा एकच पट्टा खाली येतो. तो चेहऱ्यावर घेऊ नका, फरशीवर पडू द्या आणि माणसाला त्याच्या कडेला बसवा. फरशीवरून परतलेला उजेड मऊ असतो.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे भिंतीचा रंग. आपल्याकडे पोपटी, आकाशी, गुलाबी ऑइलपेंटच्या भिंती खूप. तो रंग उडून गालावर बसतो. बाळ हिरवट दिसायला लागलं की लोक कॅमेऱ्याला दोष देतात. भिंतीवर पांढरी चादर टांगा, किंवा माणसाला भिंतीपासून चार हात पुढे आणा. खिडकीचा उजेड चालू असताना ट्यूबलाइट बंद करा. दोन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की नंतर तो सुधारता सुधारता रात्र जाते.

घरी एक दिवस हा अभ्यास करा : सकाळी सात, दहा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, या चार वेळांना एकाच माणसाचा, एकाच दारात फोटो. चारही शेजारी ठेवून बघा.

दुसरी पायरी : कॅमेरा, तोही थोडक्यात

मोबाइल चालतो. त्याची मुख्य, एकपटीची लेन्स वापरा आणि चेहऱ्याजवळ जाण्याऐवजी दोनपट झूम करून मागे उभे राहा, म्हणजे नाक मोठं दिसत नाही. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथंच पक्का होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा उतरवा. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं सगळं धूसर होतं खरं, पण बाळाचं जावळ, बांगड्यांच्या कडा, मोगऱ्याची टोकं त्यात कापली जातात. गजरा घातलेल्या बाईचा फोटो त्या मोडमध्ये काढू नका.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). स्वस्त असते आणि अंधाऱ्या खोलीतही साथ देते. लहान खोल्यांसाठी ३५ ची सोयीची पडते. आकडे इतकेच लक्षात ठेवा : बसलेल्या माणसासाठी शटर (उजेड आत येण्याचा वेळ) सेकंदाचा १२५ वा भाग, खेळत्या पोरासाठी २५० वा, पळणाऱ्यासाठी ५०० वा. एकट्याचा चेहरा असेल तर एफ २.८, दोन-तीन रांगांचा घोळका असेल तर एफ ५.६ ते ८. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

तिसरी पायरी : आदल्या दिवशी बिनकॅमेऱ्याचं जा

शक्य असेल तर एकदा नुसता चहा प्यायला जा. खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघा आणि घरात शब्द कुणाचा चालतो ते बघा. सोलापूरच्या घरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू कानावर पडते. लहान मूल घरात ज्या भाषेत लाडावतं त्याच भाषेत हाक मारली तर चेहरा खुलतो. मी चार शब्द पाठ करून ठेवले आहेत. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात ‘इटु चूडु’, कन्नड घरात ‘इल्लि नोडु’, कुठं ‘इधर देखो बेटा’. उच्चार चुकला तर आजी हसते आणि नेमका तोच फोटो चांगला येतो.

याच भेटीत विचारून घ्यायचं : कोणाचे फोटो काढायचे नाहीत, कुठले फोटो घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, बाळाला दृष्ट लागेल म्हणून कोणाच्या मनात काही आहे का. यावर वाद घालू नका. तुम्ही त्यांच्या घरात आला आहात.

चौथी पायरी : डोहाळजेवण आणि पोटुशीचे फोटो

सातव्या महिन्याची ओटी भरतात, तीच फोटोचीही योग्य वेळ. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून चौतिसाव्यापर्यंत पोट छान दिसतं आणि बाईला उठणं-बसणं अजून झेपतं. त्यानंतर पाय सुजतात, दम लागतो. कन्नड आणि तेलुगू घरांत याच सुमारास सीमंत असतं. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांची इतकी गर्दी होते की शांत फोटो निघत नाहीत. म्हणून पोटुशीचे खास फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. साडी तीच, गजरा ताजा, घरात माणसं मोजकी.

तिला दोन तास आधीपासून सैल कपडे घालायला सांगा, नाहीतर नाडीचे आणि इलॅस्टिकचे वळ पोटावर उमटलेले राहतात. खिडकीला खांदा करून उभी करा, समोरून नव्हे, बाजूनं उजेड येऊ द्या. पोटाची गोलाई बाजूच्या उजेडातच दिसते, समोरच्या उजेडात पोट सपाट होतं. पुढचा पाय थोडा वाकवायचा, वजन मागच्या पायावर. हात पोटाच्या खाली एक आणि वर एक, पण कोपर अंगाला चिकटवू नका, कमरेपाशी थोडी फट दिसली पाहिजे. हिरव्या साडीचा काठ जरीचा असेल तर थेट ऊन त्यावर पडू देऊ नका, जर पांढरी फटक होते. फुलांच्या दागिन्यांचंही तेच. पांढऱ्या निशिगंधाच्या पाकळ्या दिसायला हव्यात, म्हणून कॅमेऱ्यात उजेड अर्धा टप्पा कमी ठेवा (एक टप्पा म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

सुरक्षेच्या गोष्टी मी कागदावर लिहून नेते. दर पंधरा मिनिटांनी बसणं आणि पाणी पिणं. पाठीवर उताणं फार वेळ झोपवायचं नाही, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येऊ शकते. आडवा फोटो हवा असेल तर डाव्या कुशीवर, पाठीला उशी. फुलांचा झोपाळा सजवला असेल तर त्याच्या कड्या मी आधी स्वतः बसून, हिसका देऊन बघते. तलावाच्या ओल्या पायऱ्या, किल्ल्याच्या तटावरचे जिने, गच्चीचा कठडा ही ठिकाणं या फोटोंसाठी माझ्या यादीतच नाहीत.

नवऱ्याला फोटोत घेताना त्याला ‘पोटाला हात लाव’ म्हणू नका, बहुतेक पुरुष सगळ्यांसमोर लाजतात. त्याच्या हातात काम द्या. बांगड्या नीट कर, गजरा माळ, पाण्याचा तांब्या दे. हात आपोआप तिच्याजवळ जातो. पेढा की बर्फी हा खेळ जरूर टिपा, त्यात सासूबाईंचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण मुलगा येणार किंवा मुलगी येणार असं ठरवून सजावट करून कोणी फोटो मागितले, तर नको म्हणा. गर्भलिंगनिदान आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं बंद आहे आणि आपल्या फोटोनं त्या चौकशीला हातभार लागू नये.

पाचवी पायरी : नवजात बाळ

इथं मी थोडी जास्त थांबणार आहे.

जन्मानंतर पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत बाळ गाढ झोपतं, हातपाय पोटाशी घेऊन गुंडाळी होऊन राहतं. शांत झोपेचे फोटो या दिवसांत सोपे जातात. पण नेमक्या याच दिवसांत पाचवी असते, सोयर असतं, बाराव्या दिवशी बारसं असतं. बाहेरच्या माणसानं आत यावं की नाही, हा त्या घराचा निर्णय. मी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला विचारते. त्या ‘बारशानंतर ये’ म्हणाल्या तर बारशानंतर. तोवर घरातल्याच एखाद्या मावशीला किंवा आत्याला फोनवरून सांगते : खिडकीचा पडदा सरकवा, ट्यूब बंद करा, बाळाचं डोकं खिडकीकडे ठेवा, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरेल. पायांकडून उजेड आला तर नाकपुड्या उजळतात आणि चेहरा भेसूर दिसतो. इतकं सांगितलं तरी मोबाइलवर सुंदर फोटो येतात.

जाण्याआधी स्वतःकडे बघा. सर्दी, खोकला, ताप असेल तर जायचं नाही, पैसे घेतलेले असले तरी. अंगठ्या, घड्याळ, कडं काढून ठेवा. साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. अत्तर लावू नका.

परदेशी व्हिडिओंमध्ये खोली गरम करा, हीटर लावा असं सांगतात. उघड्या बाळाला २७-२८ अंशांची ऊब लागते, म्हणून तो सल्ला. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये खोलीच त्याहून तापलेली असते. तिथं बाळाला तीन दुपट्यांत गुंडाळून ठेवलं तर ते लालबुंद होतं, घामेजतं आणि त्याच्या जिवाला धोका असतो. उन्हाळ्यात सकाळी सातची वेळ घ्या, एक पातळ सुती झबलं पुरे. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर थांबा.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षात मी एका घरी वेताची टोपली घेऊन गेले होते. व्हिडिओत बघितलेलं मनात होतं : टोपलीच्या काठावर हात, हातांवर हनुवटी, डोळे मिटलेले. नऊ दिवसांचं बाळ मी तसं ठेवलं आणि कॅमेरा उचलायला एक पाऊल मागे सरकले. बाळाची मान बाजूला कलंडली. शेजारी उभ्या असलेल्या आजीचा हात माझ्याआधी तिथं पोचला. बाळाला काही झालं नाही. आजी मला काही बोलल्या नाहीत, फक्त बाळ उचलून आईच्या कुशीत दिलं. तो हात मी विसरलेले नाही. तेव्हापासून बाळापासून एका वितीच्या आत घरातलं एक माणूस नेमून बसवल्याशिवाय मी कॅमेरा हातात घेत नाही. त्या माणसानं फोटोकडे बघायचं नाही, बाळाकडेच बघायचं.

हनुवटीखाली हात ठेवलेले किंवा कपड्याच्या झोळीत लटकवलेले जे फोटो तुम्ही बघता, ते अनुभवी लोक दोन-तीन फोटो जोडून करतात. प्रत्येक फोटोत कोणाचा तरी हात बाळाला धरून असतो आणि नंतर तो पुसतात. नवख्यानं ते करू नये. बाळाला उताणं किंवा कुशीवर ठेवा, मान सरळ, हनुवटी छातीत रुतलेली नाही, नाकासमोर कापड नाही. टाळूवर फुलांचा घट्ट पट्टा बांधू नका. नाळेचा तुकडा अजून असेल तर त्याला काही घासणार नाही असं बघा. तो एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळतो.

बाळाखाली काय अंथरायचं? सोलापुरात हा प्रश्न पडायला नको, पण पडतो. चादर हा आपला अभिमान, तिला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून घरोघरी नवी कोरी चादर पुढे येते. पण जॅकार्ड मागावर विणलेली मोठी ठळक नक्षी पाच-सहा पौंडांच्या जिवाला गिळून टाकते, नजर बाळाकडे जातच नाही. नवी चादर खरखरीतही असते. चादर मागच्या भिंतीसाठी किंवा आईच्या मांडीखाली वापरा, बाळाच्या अंगाखाली आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं मऊ दुपटं घ्या. दहा वेळा धुतलेला पांढरा टर्किश टॉवेलही उत्तम, तोही आपल्याच गावचा.

त्वचेचा रंग नीट बघा. पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना कावीळ असते. फोटोत बाळ पिवळं दिसलं तर संगणकावर रंग सुधारण्याआधी आईला सांगा, डॉक्टरांना दाखवायला सांगा. सोललेली कातडी, कपाळावरचे लाल डाग तसेच राहू द्या, फार तर थोडे सौम्य करा. गालावरची काजळाची तीट पुसू नका. मी एकदा ती डाग समजून पुसली होती आणि आईनं फोटो परत पाठवला होता. मात्र फोटोसाठी म्हणून डोळ्यांत काजळ घालायला लावू नका, डॉक्टर नको म्हणतात.

फ्लॅश मी वापरत नाही. थेट चेहऱ्यावर तर नाहीच. बाळ दचकतं आणि आईचं मन धास्तावतं.

झोपलेल्या बाळापेक्षा मला जास्त आवडतो तो मालिश आणि आंघोळीचा अर्धा तास. आजी किंवा न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर बसतात, साडी गुडघ्यापर्यंत खोचतात, पाय लांब सोडतात आणि नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला पालथं घालतात. कोमट तेल तळहातावर घेऊन मणक्यावरून खाली ओढतात. त्या तळहातांना भेगा असतात, काहींच्या बोटांना आयुष्यभर विड्या वळल्यानं पिवळट झाक असते, आणि त्याखाली आठ दिवसांची गुळगुळीत पाठ. हा फोटो सोडू नका. न्हाणीच्या दाराबाहेर खाली बसा, आजीच्या नजरेच्या पातळीवर. पाण्याची वाफ उजेडाविरुद्ध दिसते, म्हणून न्हाणीची खिडकी समोर येईल अशी बाजू धरा. कॅमेरा दहा मिनिटं आधी तिथं ठेवा, नाहीतर गार लेन्सवर वाफ जमून सगळं धुरकट होतं. शटर २५० वा भाग किंवा वेगवान, कारण पाणी आणि हात दोन्ही पळत असतात. आजींना ‘जरा थांबा’ म्हणायचं नाही. ओलं, तेलकट बाळ हातात असताना त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जाता कामा नये. चौकट बाळाच्या कमरेच्या वर ठेवा किंवा आजीच्या हाताआड. आंघोळीचे फोटो फक्त घरच्यांना द्या, दुसरीकडे कुठंही टाकू नका. धुरीचा धूर फोटोत देखणा दिसतो, पण बालरोगतज्ज्ञ बाळाला धूर देऊ नका म्हणतात, म्हणून मी फोटोसाठी धुरी मागत नाही.

आणि बाळ रडलं तर? प्यायला द्या, ढेकर काढा, अर्धा तास थांबा. तीन तासांच्या भेटीत माझा कॅमेरा जेमतेम चाळीस मिनिटं चालतो. बाळंतिणीनं स्वतः फोटोत यायला नकार दिला तर फक्त तिचे हात घ्या. बाळाच्या मुठीत तिची करंगळी. दोन महिन्यांनी ती स्वतःच त्या फोटोची मोठी प्रत मागते.

सहावी पायरी : सगळं घर एका फोटोत

बारशाला तीस-चाळीस माणसं जमतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘एक ग्रुप फोटो होऊ द्या.’ वडीलधाऱ्यांना खुर्च्यांवर बसवा, मागे उभी माणसं, पुढे सतरंजीवर मुलं. खुर्च्या अगदी सरळ रांगेत न ठेवता टोकं किंचित पुढे घ्या, म्हणजे सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतात. रुंद लेन्सनं कडेचे लोक फुगतात, म्हणून मागे सरका आणि झूम करा. फोकस पहिल्या ओळीत बसलेल्यांवर न ठेवता त्यांच्या जरा मागे धरा.

डोळे मिटण्याचं काय? ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या दोघांनी याचं गणित मांडलं आणि त्याला २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला चांगल्या उजेडात तीननं, कमी उजेडात दोननं भागा. येईल तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची चांगली शक्यता असते. बारा माणसं, अंधारी खोली, म्हणजे सहा फोटो. त्याहून जास्त माणसं असतील तर हात आखडू नका.

सातवी पायरी : सहलीचे फोटो

गाडीतून उतरल्याबरोबर पाटीसमोर ओळीत उभं राहून काढलेला फोटो एकच पुरे. पुढचे फोटो माणसं काहीतरी करत असताना घ्या. पाण्याची बाटली उघडताना, चपला सोडताना, पोराला खांद्यावर घेताना.

आपल्या भागातली माझी सर्वांत लाडकी सहल म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला हुरडा. सकाळी नऊच्या सुमारास शेतात पोचा. आगटीभोवती घर बसलेलं असतं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं भाजत असतात, काका दोन्ही तळव्यांत गरम कणीस चोळून दाणे काढत असतात आणि पोरं ओंजळ पुढे करून वाट बघतात. धुराच्या पलीकडे सूर्य येईल असे बसा. धुरातून किरणांचे पट्टे दिसतात, चोळलेल्या कणसाचा भुसा उन्हात उडतो. चेहरे काळे पडतील, म्हणून उजेड एक टप्पा वाढवा किंवा सतरंजीवर पांढरं धोतर पसरा, त्याचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो. नंतर पत्रावळीवरची शेंगाचटणी आणि गूळ, कडुनिंबाच्या सावलीत लवंडलेले आजोबा. सावलीत पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर नकोत, आजोबांना दोन हात आत सरकवा.

जानेवारीतच गड्ड्याची यात्रा, सोलापूरच्या ग्रामदैवताची. सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, वडिलांच्या खांद्यावर तशीच छोटी बाराबंदी घातलेलं पोर. सगळीकडे पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो आणि कपडे राखाडी होतात. उजेड अर्ध्यापासून एक टप्प्यापर्यंत वाढवा. गर्दीत मुलाचा हात सोडून फोटो काढू नका, एक जण मुलाला सांभाळेल, एक जण कॅमेरा. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात आकाशापेक्षा वर बघणारे चेहरे टिपा.

पाण्याकाठी सिद्धेश्वर तलावावर सकाळी जा. भुईकोट किल्ल्यात तिपाई लावायची असेल तर आधी विचारून घ्या. नळदुर्गला पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहतात, दगड शेवाळलेले असतात, फोटोसाठी कोणाला मागे सरकायला सांगू नका. हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर मंदिरात आत अंधार असतो, मुलांना दाराच्या चौकटीत बसवा. तिथला १०१८ चा मराठी शिलालेख दाखवा आणि मूल अक्षरांवरून नजर फिरवत असताना फोटो घ्या, दगडाला हात लावू न देता. मंदिरांच्या गाभाऱ्यात कॅमेरा चालेल का, हे आधी विचारायचं. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत.

आठवी पायरी : घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा, संगणकावर एक प्रत आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर एक. दोन्ही उघडून बघेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. बाळाचा नववा दिवस पुन्हा येत नाही. तीनशेतून चाळीस निवडा. तीनशे पाठवले तर घरचे एकही नीट बघत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवले की बारीक तपशील मरतो.

तुमच्या पानावर एखादा फोटो लावायचा असेल तर आई आणि वडील दोघांना विचारा, तेही फोटो दाखवून. मागे दवाखान्याची पाटी, घराचा पत्ता, बाळाच्या मनगटावरचा नावाचा पट्टा दिसतोय का ते तपासा.

शेवटी त्यातले दहा तरी फोटो कागदावर छापून द्या आणि मागे लिहायला बसा. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन पुढे उठतं, म्हणून बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या आणि शाई वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका. तारीख, गाव, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. ज्या आजींनी बाळाला न्हाऊ घातलं त्यांचं नाव विचारताना ‘आजी’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचं पूर्ण नाव विचारा, माहेरचंही.